दैव पाचवे

अंबरनाथच्या एमआयडीसीत अपघात झाला की कंपनीच्या गेटबाहेर जमलेल्या माणसांच्या तोंडून पहिल्या तासाभरात येणारी वाक्ये जवळजवळ ठरलेली असतात. ‘त्याची वेळ आली होती.’ ‘नशिबात होतं, कोण काय करणार?’ ‘सेकंडला होता, डबल करायला थांबला आणि सापडला.’ यातल्या तिसऱ्या वाक्यात खरे तर कारण सांगून झालेले असते. थकलेला माणूस सलग सोळा तास रिॲक्टरजवळ उभा होता, हे त्यातून स्वच्छ कळते. पण तेही पहिल्या दोन वाक्यांच्याच सुरात म्हटले जाते आणि कारण दैवात विरघळून जाते. बोलणारी माणसे निर्दय नसतात. बरेचसे त्याच ठेकेदाराकडचे असतात, त्याच चाळीत राहणारे असतात. उद्या सकाळी त्यांनाही त्याच गेटातून आत जायचे असते, आणि ‘वेळ आली होती’ असे मनाशी धरल्याशिवाय ते पाऊल उचलत नाही.

या बोलण्यालाच आपण धर्म समजत आलो आहोत. दुःख हे पूर्वकर्माचे फळ, ते निमूट भोगायचे, आणि आत्मा मुक्त झाला की सगळे मिटले, हेच हिंदू परंपरेचे म्हणणे असे श्रद्धावानही मानतात आणि त्याच कारणासाठी परंपरा नाकारणारेही मानतात. मला हे दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. आपल्याकडच्या दुःखविचाराने माणसाला आधी कारण शोधायला लावले, दुःखांची वर्गवारी करायला लावली, उपाय तपासायला लावले. दैवाला त्याने जागा दिली, पण शेवटची. ती जागा आपण पुढे ओढली आहे, आणि तिची किंमत नाक्यावर कामासाठी उभी राहणारी माणसे चुकवत आहेत.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेची सुरुवात देवाच्या स्तुतीने होत नाही, दुःखाने होते. तीन प्रकारच्या दुःखांचा मारा होतो, म्हणून ती घालवण्याच्या उपायाची जिज्ञासा निर्माण होते, असे पहिलीच कारिका सांगते. शरीरातून आणि मनातून उठणारे ते आध्यात्मिक. इतर माणसांकडून, प्राण्यांकडून येणारे ते आधिभौतिक. थंडी, ऊन, वीज यांसारख्या माणसाच्या हाताबाहेरच्या शक्तींकडून येणारे ते आधिदैविक. मराठी माणसाला हे तीन ताप समर्थांच्या दासबोधातून ठाऊक आहेत. तिसऱ्या दशकात तिघांसाठी तीन वेगळे समास आहेत, आणि आधिभौतिकाच्या समासात समर्थांनी ठेचा, काटे, शस्त्रांचे घाव, दंश यांची यादीच दिली आहे. आधिदैविकाची त्यांची व्याख्या सांख्यांहून वेगळी आहे. बऱ्यावाईट कर्मांमुळे मेल्यानंतर भोगावे लागते ते, म्हणजे यमयातना, त्यांनी त्यात घातल्या. म्हणजे समर्थांच्या मांडणीतला आधिदैविक तापसुद्धा कोणीतरी काहीतरी केल्याशिवाय कोसळत नाही. तिथेही हिशेब करणाऱ्याकडेच मागितला जातो.

ही वर्गवारी कशासाठी? उपाय ठरवण्यासाठी. सांख्यकारिकेवर तत्त्वकौमुदी लिहिणाऱ्या वाचस्पती मिश्रांनी प्रत्येक तापाचे व्यवहारातले उपाय नोंदवले आहेत. शरीराच्या दुःखाला वैद्याचे औषध. आधिदैविकाला मणी, मंत्र, औषधी. आणि आधिभौतिकाला? नीतिशास्त्रातले कौशल्य आणि निर्धोक जागी राहणे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या या टीकाकाराने माणसाकडून माणसाला होणाऱ्या दुःखावर मंत्र सांगितला नाही, सुरक्षित जागा सांगितली. हे वाचल्यापासून अंबरनाथकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

मोरिवली, चिखलोली, वडोळ या बाजूंना रात्री उशिरा हवेत उग्र वास भरतो, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, लहान मुले खोकत उठतात. हा कोणता ताप आहे? हवेतून येतो, दिसत नाही, कधी येईल सांगता येत नाही, म्हणून आपण तो पावसापाण्याच्या खात्यात टाकला आहे. ‘एमआयडीसी आहे, वास येणारच’ हे वाक्य ‘जुलै आहे, पाऊस पडणारच’ यासारखे उच्चारले जाते. पण तो वास आकाशातून पडलेला नसतो. कोणीतरी व्हॉल्व्ह उघडलेला असतो, कोणीतरी विजेचे बिल वाचवायला स्क्रबर बंद ठेवलेला असतो, कोणीतरी टँकर अंधारात नदीकाठी उभा केलेला असतो. 2014 च्या नोव्हेंबरअखेर वालधुनी नदीत असेच रसायन ओतले गेले आणि पहाटे उल्हासनगरच्या नदीकाठच्या वस्त्यांमधली शेकडो माणसे श्वास कोंडून रुग्णालयात पोहोचली. हा शंभर टक्के आधिभौतिक ताप होता. माणसाने माणसाला दिलेला. त्याला आपण आधिदैविकाची वागणूक देतो, आणि वर्गवारी चुकली की उपायही चुकतो.

खंडेनवमीला इथल्या कंपन्यांत यंत्रांना झेंडूचे हार घातले जातात, बॉयलरसमोर नारळ फुटतो, सत्यनारायण होतो, ठेकेदाराची माणसेही त्या दिवशी प्रसादाला एका रांगेत बसतात. या पूजेबद्दल माझ्या मनात आदर आहे. रोज ज्याच्या तोंडाशी उभे राहायचे त्या यंत्रापुढे वाकणारा कामगार त्या यंत्राची ताकद कागदावरच्या कोणाहीपेक्षा अधिक ओळखतो. पण परंपरेच्याच हिशेबाने ही पूजा एका प्रकारच्या तापाचा उपाय आहे. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वेळेवर तपासणे, त्याची नोंद खोटी न लिहिणे, अप्रशिक्षित हेल्परला ऑपरेटरच्या जागी उभे न करणे हा दुसऱ्या तापाचा उपाय आहे, आणि तो नीतीचा भाग आहे. पहिला केला म्हणून दुसरा माफ होत नाही. शास्त्रातली सवलत शोधूनही तशी सापडणार नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. शंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर, करणे म्हणजे इंद्रिये असा अर्थ लावला. टिळकांनी गीतारहस्यात अधिष्ठानाला सरळ जागा म्हटले. टिळकांचा अर्थ घेतला तर या यादीत अपघाताच्या चौकशीचा पूर्ण आराखडाच हाती येतो. जागा कशी होती? माणूस कोण होता, किती तास जागा होता, त्याला काय शिकवले होते? साधने कोणत्या अवस्थेत होती? कामाची पद्धत कोणती होती, ती कोणाच्या हुकमाने बदलली? हे चार प्रश्न विचारून झाल्यावर जे उरेल, कोणाच्याच हिशेबात न बसणारे, ते दैव. गीतेने दैव नाकारले नाही. पाचवे ठेवले.

आता आपल्याकडे काय होते ते पाहा. अपघातानंतर बऱ्याचदा कागदावर एकच कारण येते: कामगाराचा निष्काळजीपणा. म्हणजे पाचांपैकी फक्त दुसरे. गेटबाहेरच्या गर्दीच्या तोंडी एकच कारण येते: नशीब. म्हणजे पाचांपैकी फक्त पाचवे. मधली साधने आणि पद्धत, आणि सगळ्यांच्या आधीची जागा, यांच्याबद्दल दोन्हीकडे शांतता. गीता त्याच ठिकाणी पुढे म्हणते की पाच कारणे असताना जो एकट्या कर्त्यालाच कारण मानतो त्याला नीट दिसत नाही, त्याची बुद्धी संस्कारलेली नाही. त्या श्लोकाचा मूळ रोख कर्तेपणाचा अहंकार उतरवण्याकडे आहे, हे मला मान्य आहे. पण स्वतःचा अहंकार उतरवण्यासाठी खरे असलेले विश्लेषण दुसऱ्यावर दोष ढकलताना खोटे कसे ठरेल? ज्या बुद्धीने यश एकट्याचे मानू नये, त्याच बुद्धीने अपघातही एकट्या हेल्परच्या माथी मारता येत नाही.

प्रारब्धाचे काय, असा प्रश्न इथे येणारच. प्रारब्धाचा सिद्धांत मी टाळत नाही. साठलेल्या कर्मांपैकी ज्यांचे फळ भोगायला सुरुवात झाली ते प्रारब्ध. धनुष्यातून सुटलेला बाण जसा परत घेता येत नाही तसे ते ज्ञान्यालाही भोगूनच संपवावे लागते, असे वेदान्त सांगतो. टिळकांनी संचित, प्रारब्ध, क्रियमाण या रूढ त्रिभागणीवरच आक्षेप घेतला आणि फळ सुरू झालेले व न झालेले एवढेच दोन भेद खरे मानले. भेद दोन घ्या की तीन, एक गोष्ट सगळ्यांना समान आहे: प्रारब्ध म्हणजे जे सुरू झाले ते. जे अजून घडले नाही त्याला प्रारब्ध म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? उद्याच्या नाइट शिफ्टमध्ये काय होणार हे सुपरवायझरला ठाऊक नसते, ज्योतिषालाही नसते. पतंजलीने योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात टाळण्यासारखे दुःख कोणते ते एका सूत्रात सांगितले: अजून न आलेले. त्यावरचे व्यासभाष्य ते उलगडते. होऊन गेलेले दुःख भोगून संपले, चालू क्षणाचे भोगले जात आहे, टाळता येईल असे फक्त पुढचे उरते. पतंजलीच्या मनात जन्ममरणाच्या फेऱ्यातले पुढचे दुःख आहे आणि त्याचा उपाय विवेक आहे, हे खरे. पण जो विचार पुढच्या जन्माचे दुःख टाळण्याजोगे मानतो त्याच्या नावाने पुढच्या पाळीचे दुःख अटळ ठरवणे हा त्या विचाराचा सरळ विपर्यास आहे.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे एक वेगळे प्रकरण घातले गेले. जिवाला तातडीचा धोका वाटला तर तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क त्यातून कामगाराला मिळाला. न आलेल्या दुःखाबद्दल आधी बोलण्याचा हा हक्क आहे. अंबरनाथमधले किती ठेका कामगार तो वापरू शकतात? धोका दाखवणाऱ्याला उद्यापासून येऊ नको असे सांगायला ठेकेदाराला एक फोन पुरतो. ‘काही होणार नाही रे, देवाचं नाव घे आणि चढ’ असे ज्याला सांगितले जाते त्याच्यावर फक्त कायद्याचा अन्याय होत नाही. देवाच्या नावाचाही होतो. शेजारच्या डोंबिवलीत 26 मे 2016 ला आणि पुन्हा 23 मे 2024 ला रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले. आठ वर्षांचे अंतर. दुसऱ्या वेळचे दुःख पहिल्या दिवशी ‘अजून न आलेले’ होते.

पण विचाराची खरी कसोटी ग्रंथांत लागत नाही, माणसाच्या आयुष्यात लागते. म्हणून मंगळवेढ्याकडे वळतो.

1338 मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि राबणारी माणसे खाली गाडली गेली. त्यांत चोखामेळा होते. जातीने महार म्हणून त्या कामावर जाणे त्यांच्या इच्छेचा प्रश्नच नव्हता. परंपरा सांगते की नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातल्या हाडांना कान लावून ज्यांतून विठ्ठलनाम उमटत होते ती त्यांनी चोखोबांची म्हणून ओळखली, आणि पंढरपूरला महाद्वाराशी समाधी दिली. कीर्तनात हा प्रसंग येतो तेव्हा मंडपातली माणसे रडतात. मीही त्यांतला एक आहे. पण हा आपल्या भाषेतल्या सर्वांत प्रसिद्ध कामगार-मृत्यूंपैकी एक आहे, आणि इतक्या शतकांत कीर्तनाने एक प्रश्न क्वचितच विचारला: भिंत का पडली? कोणी बांधायला लावली, किती घाईने, खाली माणसे असताना काम का थांबवले नाही? हाडांत नाम घुमले ही चोखोबांची मुक्ती असेल. ती मंगळवेढ्याच्या अधिकाऱ्यांची मुक्तता नाही.

चोखामेळ्यांच्या नावावर एक अभंग आहे ज्यात ते आपल्या हीन मानलेल्या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेत शोधतात. माझ्या आत्तापर्यंतच्या युक्तिवादाला हा अभंग अडवतो. प्रारब्धाचे कारण ज्याने त्याने स्वतःपुरते द्यावे, दुसऱ्याने त्याच्यावर लादू नये, असे म्हणून मला थांबता आले असते. पण इथे तर भोगणाराच ते स्वतःच्या तोंडाने बोलतो आहे. ते त्याचे समाधान होते, की गावाने लहानपणापासून कानात ओतलेले ते त्याच्या तोंडून बाहेर आले? डॉ. आंबेडकरांनी 1948 चा आपला अस्पृश्यांवरचा ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला त्यांत चोखामेळा आहेत, आणि त्याच आंबेडकरांनी 1956 मध्ये कर्माच्या या स्पष्टीकरणासकट सगळी चौकट सोडली. अंबरनाथ-उल्हासनगरच्या वस्त्यांत त्या निर्णयाचे वारस राहतात, इथल्या कारखान्यांत काम करतात. त्यांच्यापुढे उभे राहून ‘कर्मसिद्धांत मुळात चांगला होता, लोकांनी त्याचा गैरवापर केला’ एवढेच म्हणणे मला शोभत नाही. ज्या सिद्धांताचा गैरवापर इतकी शतके इतक्या सहज होतो, त्या सिद्धांतातच कुठेतरी पकडायला सोपी मूठ आहे. ती कोणती ते सांगायला हवे.

मला ती मूठ अशी दिसते. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात जगातल्या विषमतेचा आणि क्रौर्याचा आरोप ईश्वरावर येतो तेव्हा उत्तर दिले आहे की ईश्वर जीवांच्या कर्मांकडे पाहून फळ देतो, म्हणून तो पक्षपाती नाही. ईश्वराची बाजू मांडताना दिलेले हे उत्तर हळूहळू गावच्या पाटलाने उचलले, मग जमीनदाराने, आता कंत्राटदाराने. ईश्वराला निर्दोष ठरवणारा युक्तिवाद माणसांनी आपल्याला निर्दोष ठरवायला वापरला. ईश्वराला सगळ्यांची सगळी कर्मे माहीत असतात असे तरी गृहीत आहे. ठेकेदाराला हेल्परच्या मागच्या जन्माचे काय माहीत आहे? ज्ञानाशिवाय दिलेला तो निवाडा आहे, आणि निवाडा देणारा स्वतः प्रकरणातला पक्षकार आहे.

चोखोबांच्या घरातच याचे उत्तर आहे. मुलगा कर्ममेळा देवाला जाब विचारतो: आम्हाला हीन केलेस, उष्टे खायला लावलेस, तुला लाज कशी वाटत नाही? पत्नी सोयराबाई विटाळाबद्दल विचारते: देहातच विटाळ आहे, मग त्यावाचून जन्मलेला कोण आहे ते दाखवा. बापाने कारण स्वतःत शोधले, मुलाने देवाकडे बोट दाखवले, आईने सोवळेओवळे पाळणाऱ्यांचा पायाच काढून घेतला. वारकरी परंपरेने तिघांचेही अभंग जपून ठेवले. मला हे फार मोलाचे वाटते. परंपरा म्हणजे एकट्या चोखोबांचा तो अभंग नव्हे. या घरातले भांडणही परंपराच आहे. आणि प्रारब्धाची भाषा कुठे सांत्वन आहे आणि कुठे साखळी आहे याची खूणही इथेच मिळते. ज्या घरात, ज्या कारखान्यात कर्ममेळ्याला बोलू दिले जाते तिथे चोखोबांची शांती खरी असू शकते. जिथे त्याचे तोंड दाबले जाते तिथे बापाच्या तोंडची शांती संशयास्पद ठरते.

एवढे सगळे म्हटल्यावर कोणी विचारेल, मग मोक्षाची गरजच काय? व्हॉल्व्ह तपासा, संघटना बांधा, कायदा वापरा, संपले. इथे मी सांख्यांच्या बाजूला परत येतो, कारण त्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारून घेतला आहे. डोळ्यांना दिसणारे उपाय आहेत तर वेगळी जिज्ञासा कशाला? त्यांचे उत्तर: दिसणारे उपाय नक्की लागू पडतीलच असे नाही, आणि लागू पडले तरी कायमचे नाहीत. बरा झालेला पुन्हा आजारी पडतो. पुढच्याच कारिकेत ते वैदिक यज्ञयागांनाही हेच लावतात. तेही शेवटचे औषध नाही म्हणतात. हे मला खरे वाटते. अंबरनाथच्या एमआयडीसीतला प्रत्येक कारखाना उद्या आदर्श झाला, वालधुनी उगमाइतकी निर्मळ झाली, तरी माणसे म्हातारी होतील, मुले आईवडिलांआधी जातील, रात्री तीन वाजता जागे झालेले मन आपण कशासाठी जगलो असे विचारेल. त्या दुःखाला सुरक्षा अधिकारी उत्तर देऊ शकत नाही. पण ‘हा उपाय शेवटचा नाही’ यातून ‘हा उपाय करू नका’ असे निघत नाही. वाचस्पतींनी ते उपाय सोपे आहेत असेही म्हटले. सोपा उपाय हाताशी असताना कठीण उपायाकडे बोट दाखवून माणसाला वाऱ्यावर सोडणे हे अध्यात्म नाही.

उलट आत्म्याच्या विचारात कामगाराच्या बाजूने बोलणारी एक मोठी गोष्ट आहे, आणि ती आपण वापरतच नाही. वेदान्ताचा पहिला धडा: तू म्हणजे तुझा देह नव्हेस. हा धडा जखमी माणसाला ऐकवला जातो, देह काय आज ना उद्या जायचाच. तो ऐकवायला हवा होता दुसऱ्यांना. माणसाला फक्त देह कोण समजतो? हजेरीच्या वहीत ज्याला नाव नसते, ‘चार हेल्पर पाठव’ म्हणून जो आकड्यात मागवला जातो, त्याला देह समजणारी व्यवस्था आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे दर होते: अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी गेली असे धरायचे, दोन्ही हात गेले तर 100. कायद्याला मोजावेच लागते, आणि ही मोजदाद झाली नसती तर कामगाराच्या हाती काहीच पडले नसते. पण तो अंगठा तबल्यावर पडत होता, लेकराचा हात धरत होता, माळेचा मणी ओढत होता. माणूस कमावण्याच्या क्षमतेपेक्षा जास्त आहे, हे कायदा सांगू शकत नाही, अध्यात्म सांगू शकते. ते त्याने कामगाराच्या बायकोला सांगण्याआधी मालकाच्या दिवाणखान्यातल्या प्रवचनात सांगावे.

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठावर आहे. शिलालेखातले शके 982, म्हणजे इ.स. 1060, शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. गाभारा जमिनीच्या पातळीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते, आणि वर शिखर पूर्ण नसल्याने तो आकाशाला उघडा आहे. महाशिवरात्रीला दर्शनाच्या रांगा दूरवर जातात. साडेनऊशे वर्षांहून अधिक काळ इथे माणसे मुक्ती मागायला येत आहेत. 1919 ची धरमसी मोरारजी केमिकल, 1923 ची विमको, मग आयुध निर्माणी, मग 1962 मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीच्या वसाहती हे सगळे या देवळाच्या शेजाराला खूप नंतर आले. त्यांनी लाखो चुली पेटवल्या. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेल्या माणसांना इथे घर मिळाले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांनी पलीकडे उल्हासनगर उभे केले. या भागाची भरभराट मला हवी आहे. मात्र देवळाच्या कुशीतून वाहणाऱ्या पाण्यात हात घालवत नाही, ही अवस्था भाविकाला धर्माचा प्रश्न वाटत नाही, तो पालिकेचा आणि प्रदूषण मंडळाचा वाटतो, ही मला आजची सर्वांत मोठी धार्मिक चूक वाटते. अभिषेकाचे पाणी बाटलीतून आणायचे आणि नदीकडे पाठ करून मोक्ष मागायचा, हे शिवाला कसे रुचेल?

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद नृसिंहापुढे उभा राहून सांगतो की मुनी आपल्याच मुक्तीच्या इच्छेने एकांतात मौन धरतात, दुसऱ्यांचे हित पाहत नाहीत. या दीनांना सोडून मला एकट्याला मुक्त व्हायचे नाही. नवव्या स्कंधातला रंतिदेव अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपासानंतर समोर आलेले अन्न आणि शेवटी पाणीसुद्धा वाटून टाकतो, आणि म्हणतो की मला सिद्धीही नको, मोक्षही नको. सगळ्यांच्या आत राहून त्यांचे दुःख मला भोगायला मिळावे. तुकोबा तर मुक्तीऐवजी पुन्हा गर्भवास मागतात. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात ज्याने घरातले माणूस अन्नावाचून जाताना पाहिले, ज्याने परंपरेप्रमाणे आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, त्याचे हे मागणे आहे. भौतिक दुःख काय असते हे न कळलेल्या माणसाचे ते नाही. गीतेनेही सहाव्या अध्यायात सर्वश्रेष्ठ योगी कोणाला म्हटले? जो दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःच्या मापाने मोजतो त्याला. समाधी किती तास लागली, हे तिथे विचारलेले नाही.

म्हणून इथल्या कीर्तनकारांकडे, हरिपाठ मंडळांकडे, सकाळच्या कर्जत लोकलमध्ये टाळ वाजवणाऱ्या भजनकऱ्यांकडे माझे एक मागणे आहे. अंबरनाथमध्ये दासबोधाचा तिसरा दशक लावाल तेव्हा आधिभौतिकाच्या समासावर थांबा. समर्थांच्या काट्यांच्या आणि दंशांच्या यादीत ॲसिडचा ड्रम, उघडी टाकी, रात्रीचा धूर घाला. चोखोबांच्या निर्याणाचे आख्यान लावाल तेव्हा भिंत का पडली तेही विचारा. मंडपात बसलेल्यांत सुपरवायझर असतो, ठेकेदार असतो, कधी मालकही असतो. दहा नोटिसांनी हलत नाही ते मन कधी कधी एका अभंगाने हलते, हा आपल्या समाजाचा अनुभव आहे.

आणि ज्याचे आता काही टाळता येण्यासारखे उरले नाही त्याचे काय? वीस वर्षे धुराळ्यात काम करून ज्याची फुप्फुसे गेली, जो उल्हासनगरच्या ईएसआय रुग्णालयाच्या बाकावर नंबर येण्याची वाट पाहत बसला आहे, त्याला पतंजलीचे ‘न आलेले दुःख’ काय उपयोगाचे? त्याचे आलेले आहे, बाण सुटून गेलेला आहे. खरे तर प्रारब्धाचा विचार त्याच्यासाठीच सांगितला गेला. तो जर म्हणाला की हे माझे होते, मी भोगतो, आणि त्या म्हणण्याने त्याला रात्री झोप लागत असेल, तर त्याच्याशी वाद घालायला मी जाणार नाही. तो वाक्य पूर्ण करेपर्यंत मी ऐकेन, आणि मग त्याचा भरपाईचा अर्ज कुठे अडकला आहे ते विचारेन. अर्जावर कंपनीचा शिक्का लागतो, ठेकेदाराचे पत्र लागते, हजेरीचा पुरावा लागतो, आणि यांपैकी काहीही त्याच्या प्रारब्धात लिहिलेले नाही. ते कोणाच्या तरी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे.